सत्कार पुरे, हिशेब मागा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांत गुणगौरवाचे पीक येते. जमातीच्या सभागृहात व्यासपीठ सजते, बाहेरगावचे पाहुणे येतात, ट्रॉफ्यांचे खोके उघडले जातात. प्रत्येक वक्ता 'इक्रा' या शब्दापासून सुरुवात करतो आणि कौमच्या मागासलेपणावर येऊन थांबतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. त्या मुलांचे पाच वर्षांनी काय झाले, हे मात्र पुढच्या जलशातही कोणी विचारत नाही.

कोकणात या सोहळ्यांना निमित्ताची वाण नाही. कोकण विभागीय मंडळ २०१२ मध्ये सुरू झाले आणि निकालात अव्वल राहण्याची या विभागाला जणू सवयच लागली. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ९६.७४ टक्के आणि दहावीचा ९८.८२ टक्के लागला, दोन्हीकडे कोकण राज्यात पहिला. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. या टक्क्यांचा मलाही आनंद होतो. पण तारकर्लीपासून मालवणपर्यंतच्या किनाऱ्यावर हंगामात एक फेरी मारा. पर्यटकांच्या बोटीवर लाइफ जॅकेट वाटणाऱ्या, लॉजवर खोल्यांचा हिशेब ठेवणाऱ्या मुलांना शिक्षण विचारा. पदवीधर भेटतील. पावसाळ्यात जलक्रीडा बंद झाल्या की तेही घरी बसतात. कामात लाज नाही. पण यांच्यापैकी कितीजणांनी एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम.साठी अर्ज केला होता, कितीजणांना नकार आला आणि कितीजणांनी अर्जच केला नाही, हे आपल्याला ठाऊक आहे का?

नाही. आणि ते ठाऊक नसताना आपण तावातावाने भाषणे करतो, ही माझी तक्रार आहे.

आपल्या भाषणांतला ठरलेला आकडा सच्चर समितीचा. हा अहवाल ३० नोव्हेंबर २००६ रोजी संसदेत मांडला गेला. नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या दर २५ विद्यार्थ्यांत एक मुसलमान आणि पदव्युत्तर वर्गात दर ५० मध्ये एक, असे त्यात म्हटले होते. तेव्हापासून हा पन्नासातला एक आपण जपमाळेसारखा ओढतो आहोत. त्यानंतर केंद्र सरकारचे उच्च शिक्षणाचे वार्षिक सर्वेक्षण सुरू झाले. त्याच्या २०२०-२१ च्या अहवालात देशाच्या उच्च शिक्षणात मुस्लिम विद्यार्थ्यांचा वाटा ४.६ टक्के निघाला. आदल्या वर्षी तो ५.५ टक्के होता. एका वर्षात १ लाख ७९ हजार विद्यार्थी कमी झाले. २०११ च्या जनगणनेत देशात मुसलमान १४.२ टक्के होते, हे शेजारी ठेवून पाहा म्हणजे अंतर कळेल.

मात्र हे सगळे आकडे वर्गात बसलेल्यांचे आहेत. दारापर्यंत येऊन परतलेल्यांचा हिशेब त्यांत नाही आणि दाराकडे फिरकलेच नाहीत त्यांचाही नाही. म्हणून मी म्हणते, प्रवेशाचा आकडा अर्धाच आहे. त्याच्या शेजारी अर्जांचा आकडा हवा.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या विषयाच्या पदव्युत्तर वर्गात सिंधुदुर्गाचे दोन मुस्लिम विद्यार्थी आहेत. अर्जच दोन आले असतील, तर दोष विद्यापीठाच्या दारात नाही. तो आपल्या घरात, पदवी महाविद्यालयात, पैशात, मुंबईच्या अंतरात, किंवा प्रवेशाची तारीख न कळण्यात शोधावा लागेल. अर्ज चाळीस आले आणि प्रवेश दोघांनाच मिळाला असेल, तर गुण, माध्यम, जातीचे दाखले आणि निवडीची पद्धत तपासावी लागेल. चाळिसांपैकी तीस जण गुणवत्ता यादीत आले आणि फी भरायला दोघेच पोहोचले, तर प्रश्न वसतिगृहाचा आणि शिष्यवृत्तीचा. वर्गात दिसणारे विद्यार्थी तिन्ही वेळा दोनच आहेत. रोग मात्र तीन वेगळे, आणि औषधेही तीन. आपण रोग न तपासता वीस वर्षे एकच काढा पाजतो आहोत.

आकडा नसल्यामुळे दोन कहाण्या सुखाने नांदतात. बाहेरचे म्हणतात, मुसलमानांना शिकायचेच नाही, त्यांना मदरसा आणि गल्फ पुरे. आपले म्हणतात, आम्हाला आत येऊच देत नाहीत. पहिल्या कहाणीत आमच्या मुलांचा अपमान आहे. दुसरीत आमच्या पुढाऱ्यांची सोय आहे, कारण सगळा दोष समोरच्याचा म्हटला की स्वतः काही करावे लागत नाही. अर्ज किती आले, एवढा एक तक्ता दोन्ही कहाण्यांची परीक्षा घेऊ शकतो. कदाचित म्हणूनच तो कोणालाच नको आहे.

विलायतेत हा तक्ता एका माणसाने मागून घेतला. ब्रिटनचा माहिती स्वातंत्र्याचा कायदा जानेवारी २००५ मध्ये अमलात आला, आपला त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला. खासदार डेव्हिड लॅमी यांनी त्या कायद्याखाली ऑक्सफर्ड आणि केंब्रिजकडून प्रवेशाचे आकडे मागवले. २०१७ मध्ये बाहेर आले की २०१५ साली ऑक्सफर्डच्या ३२ पैकी १० कॉलेजांनी एकाही कृष्णवर्णीय ब्रिटिश ए-लेव्हल विद्यार्थ्याला प्रवेश दिला नव्हता. गदारोळ झाला आणि २०१८ पासून ऑक्सफर्ड दरवर्षी स्वतःहून अर्ज आणि प्रवेश यांचा अहवाल छापू लागले. ही माहिती पदवीच्या प्रवेशांची होती, पण धडा आपल्या कामाचा आहे. तक्रारीने जे हलले नाही ते तक्त्याने हलले.

आपला सिंधुदुर्ग मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतो. २०१७ मध्ये या विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची तपासणी संगणकावर नेली, निकाल महिनोन् महिने रखडले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. वर्तमानपत्रे मुंबईच्या मुलांच्या हालांनी भरली होती. त्या वर्षी निकाल हाती नसल्यामुळे मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किती मुलांचे पुढचे प्रवेश हुकले? ज्याची नोंद नाही ते नुकसान झालेच नाही, असे धरले जाते.

माहितीच्या अधिकारात हा हिशेब मागायला निघालात की काही ठराविक उत्तरे समोर येतात. ती आधीच ओळखून ठेवलेली बरी.

पहिले उत्तर, माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. हे उत्तर दर वेळी खोटे नसते. ऑगस्ट २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याला स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क दिला. त्याच निकालात असेही सांगितले की, जी माहिती कार्यालयाकडे नाही ती गोळा करून देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. म्हणून 'टक्केवारी काढून द्या' असे लिहू नये. जे नोंदीत आहे तेच मागावे: अर्जाचा कोरा नमुना, विभागवार आलेल्या अर्जांची संख्या, प्रसिद्ध केलेल्या गुणवत्ता याद्या, प्रवेश निश्चित झालेल्यांची संख्या. कलम २(ञ) प्रमाणे संगणकातल्या नोंदीचे मुद्रण मागता येते, अभिलेख प्रत्यक्ष पाहताही येतो. बेरीज आपण करू. आपल्यात गणिताचे शिक्षक आहेत.

दुसरे उत्तर, ही वैयक्तिक माहिती आहे. कलम ८(१)(ञ) मध्ये २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने बदल केला आणि या सबबीला जोर आला. पण आपण कोणाचे नाव मागत नाही, गुण मागत नाही. चाळीस हा आकडा कोणाची खाजगी गोष्ट नाही. तरी एक पथ्य पाळावे. एका गावाचा एका विषयाचा आकडा मागितला तर एखादी मुलगी ओळखू येईल. म्हणून जिल्ह्याचा आणि पाच वर्षांचा मागावा. शिवाय व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची मुभा देणारे कलम ८(२) अजून कायद्यात आहे.

तिसरे उत्तर, आम्ही धर्मनिहाय नोंद ठेवत नाही. अर्जांच्या बाबतीत ते खरे असू शकेल, आणि तसे असेल तर तेही लेखी मिळायला हवे. पण प्रवेश घेतलेल्यांच्या बाबतीत ही सबब चालणार नाही. केंद्राच्या वार्षिक सर्वेक्षणाच्या तक्त्यात मुस्लिम अल्पसंख्याकांसाठी वेगळा रकाना आहे. शिक्षणसंस्था तो भरून दिल्लीला पाठवतात. दिल्लीला जे कळवता येते ते मालवणला का नाही?

चौथे उत्तर, हा विषय आमच्याकडे नाही, महाविद्यालयाला विचारा. त्याला कलम ६(३) पुरे आहे. माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर तुमचा अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवण्याची जबाबदारी त्या कार्यालयाची आहे.

तीस दिवसांत उत्तर नाही, तर त्याच संस्थेत पहिले अपील. तिथेही दाद नाही, तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरे. तिथे वेळ लागेल हे लपवण्यात अर्थ नाही. २०२३ च्या मध्याला महाराष्ट्राच्या आयोगापुढे एक लाखाहून अधिक प्रकरणे पडून होती, देशात सर्वांत जास्त. पण वीस वर्षे एकच आकडा घोकणाऱ्या समाजाला दोन वर्षांची वाट जड होऊ नये.

आता आपल्या माणसांचे आक्षेप. पहिला, मुसलमानाने विद्यापीठाकडे असले आकडे मागितले तर उगाच संशय येईल. कलम ६(२) सांगते की अर्जदाराला कारण विचारता येत नाही. आणि संशयाच्या भीतीने नागरिकाचा हक्क पेटीत ठेवायचा असेल तर व्यासपीठावरून संविधानाच्या गोष्टी कशाला करायच्या? दुसरे, सिंधुदुर्गात आपण लोकसंख्येच्या तीन टक्क्यांच्या आसपास आहोत. हा हिशेब आपल्यापुरता मागूच नका. साऱ्या जिल्ह्याचा मागा. गाबीत मच्छीमाराच्या मुलीला आणि आपल्या मुलीला मुंबई सारखीच लांब आहे, खोलीभाडे सारखेच महाग आहे. कोकणासाठी वेगळे विद्यापीठ हवे म्हणणाऱ्यांनाही हाच आकडा लागणार आहे.

आणखी एक आक्षेप कोणी उघड बोलत नाही. अर्जच कमी निघाले तर आपलीच शोभा होईल! होऊ दे. जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने मुसलमानांना पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला, त्याला महमूद-उर-रहमान समितीच्या अहवालाचा आधार होता. नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतले आरक्षण थांबवले, शिक्षणातले मात्र चालू ठेवले. पुढे अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि मिळालेलेही गेले, ही गोष्ट वेगळी. पण न्यायालयात जे टिकले ते अहवालातल्या आकड्यांमुळे, घोषणांमुळे नव्हे. कमी आकडाही पुरावाच असतो.

अर्ज मराठीत करावा, दीडशे शब्दांत, एकाच विषयावर, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून. उर्दू आमच्या तालीमची जबान आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण या राज्यात सरकारला जाब विचारण्याची भाषा मराठी आहे, आणि ती आपल्या घरचीच आहे. माझ्या मते नववीच्या वर्गात निबंधाबरोबर हा अर्जही लिहून घ्यायला हरकत नाही.

आणि जमातींनीही आपली वही उघडावी. ज्यांचा सत्कार केला त्यांची नावे तुमच्याकडे आहेत. पाच वर्षांपूर्वीची यादी काढा, घरोघरी विचारा, कोण कुठवर पोहोचले ते लिहा. विद्यापीठाचा तक्ता आणि ही वही शेजारी ठेवली की गळती नेमकी कुठे आहे ते दिसेल.

पुढच्या गुणगौरवाच्या खर्चातून एक ट्रॉफी कमी करा. त्या पैशात वीस-पंचवीस अर्जांची तिकिटे येतील. पाहुण्यांची भाषणे सुरू होण्याआधी विद्यापीठाचे उत्तर वाचून दाखवा, आणि उत्तर आलेच नसेल तर पहिल्या अपिलाची तारीख जाहीर करा.