कन्या आणि मैदान

स्त्रीदेहास दीर्घ अंतर झेपणार नाही, हे मत फार काळ प्रमाण मानले गेले. १९२८ साली आम्स्टरडॅम येथील ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांची ८०० मीटरांची शर्यत झाली. अखेरीस काही जणी थकून पडल्या असा बोभाटा झाला, आणि ती शर्यत १९६० सालापर्यंत स्त्रियांस बंद राहिली. थकवा काय पुरुषांस येत नाही?

ग्रेटे वाइट्स ही नॉर्वे देशातील ऑस्लो येथील शिक्षिका. १९७८ साली न्यूयॉर्क येथे ती प्रथमच मॅरॅथॉन धावली, व २ तास ३२ मिनिटे ३० सेकंदांचा जागतिक उच्चांक तिने स्थापिला. पुढे धावणे हाच तिचा व्यवसाय झाला. १९८८ पर्यंत ती शर्यत तिने नऊ वेळा जिंकली. ऑलिंपिकमध्ये मात्र स्त्रियांची मॅरॅथॉन १९८४ सालीच सुरू झाली. तीत तिने रौप्यपदक मिळविले. तोवर तिच्या वयाची तीस वर्षे उलटली होती!

ईश्वराने दिलेले सामर्थ्य रुमालात बांधून ठेवण्यासाठी नसते. पालकहो, कन्येच्या शक्तीचे माप आपल्या समजुतीने घेऊ नका. ते मैदानावर होऊ द्या. विद्यार्थिनींनो, "झेपणार नाही" म्हणणाऱ्यांस नित्याच्या सरावाने उत्तर द्या.