संगणक जुना चालेल, ब्राउझर जुना नको

जुना संगणक भंगारात द्या, असं मी कुणालाही सहजासहजी सांगत नाही. बार्शीत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. आडतीचा हिशेब, पतसंस्थेची खाती, शाळेतल्या लिपिकाची माहिती भरण्याची कामं, यातलं पुष्कळसं दहा-बारा वर्षांच्या यंत्रांवर चालतं आणि नीट चालतं. रॅम वाढवली, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की अशा यंत्रात पुन्हा जीव येतो. ज्याला नवं घेणं परवडत नाही, त्याने जुनं वापरावं, त्यात कमीपणा काहीच नाही. पण एका गोष्टीवर मी गिऱ्हाइकाशी भांडते. त्या यंत्रावरचा ब्राउझर आजचा असला पाहिजे, आणि तो आजचा ठेवता येत नसेल तर त्या यंत्राला इंटरनेट जोडू नये.

सातबारा, जीएसटीचं विवरणपत्र, अकरावीचा प्रवेश, शिष्यवृत्ती, बँक, यातलं काय आज ब्राउझरशिवाय होतं? आधार क्रमांक, पॅन, पासवर्ड, ओटीपी सगळं त्याच एका खिडकीतून आत-बाहेर जातं. तरी लोक विंडोजबद्दल विचारतात, अँटिव्हायरसबद्दल विचारतात, ब्राउझरबद्दल कुणी विचारत नाही.

विंडोज सेव्हनचंच घ्या. मायक्रोसॉफ्टने तिचा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला. क्रोम त्यानंतरही तीन वर्षं तिच्यावर नवं होत राहिलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्रोमची ११० क्रमांकाची आवृत्ती आली, तिला किमान विंडोज १० लागते. सेव्हन आणि एट असलेली यंत्रं १०९ वरच राहिली. मात्र १०९ बंद पडलं नाही. यूट्यूब लागतं, जीमेल उघडतं, पानं छापली जातात. ‘ताई, मस्त चालतंय की, कशाला हात लावता?’ हे मला रोज ऐकावं लागतं. चालतंय हे खरंच आहे, आणि धोकाही तिथेच आहे. बंद पडलेलं यंत्र माणूस दुकानात घेऊन येतो. चालणारं यंत्र वर्षानुवर्षं तसंच टेबलावर राहतं.

दुसरं उत्तर असतं, ‘मी कुठल्याही भलत्या लिंकवर जात नाही.’ सप्टेंबर २०२३ मध्ये काय झालं ते पाहा. वेबपी नावाचा चित्रांचा एक प्रकार आहे, संकेतस्थळांवर सर्रास वापरला जातो. ही चित्रं उलगडणाऱ्या प्रणालीत एक मोठी त्रुटी सापडली. ॲपलची सुरक्षा तुकडी आणि टोरांटो विद्यापीठातली सिटिझन लॅब यांनी ती कळवली, तेव्हा तिचा गैरवापर सुरूही झालेला होता. मुद्दाम तसं बनवलेलं चित्र पानावर नुसतं दिसलं तरी हल्लेखोराला आत शिरायला वाव मिळत होता; कशावर क्लिक करण्याची गरज नव्हती. हीच प्रणाली क्रोम, एज, फायरफॉक्स या सगळ्यांत होती. काही दिवसांत सगळ्यांनी दुरुस्ती पाठवली. ज्यांचे ब्राउझर आपोआप नवे होत होते त्यांना ही घटना कळलीसुद्धा नाही.

दुरुस्ती जाहीर झाल्यावर ती न घेतलेल्या माणसाचा धोका उलट वाढतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. क्रोम ज्यावर उभं आहे ते क्रोमियम आणि फायरफॉक्स, दोन्हींचा कोड खुला आहे. आज काय बदललं ते कुणालाही वाचता येतं, आणि काय बदललं ते वाचलं की काल भोक कुठे होतं ते कळतं. कोडमध्ये दुरुस्ती दिसल्यापासून ती लोकांच्या यंत्रांवर पोचेपर्यंतची ही फट कमी करायची म्हणून गुगलने ऑगस्ट २०२३ पासून क्रोमच्या सुरक्षा दुरुस्त्या दर आठवड्याला द्यायला सुरुवात केली. एवढी घाई तिकडे चालली असताना आपल्याकडचं यंत्र २०२३ च्या आवृत्तीवर थांबलेलं असतं. केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था ब्राउझरमधल्या गंभीर त्रुटींबद्दल वेळोवेळी इशारे काढते. ते इशारे तालुक्याच्या गावापर्यंत पोचतच नाहीत, आणि पोचले तरी ते वाचून उठून काही करणारं माणूस पतसंस्थेत नेमलेलं नसतं.

जुन्या यंत्रात आणखी एक गंमत नसलेली गोष्ट घडते. मदरबोर्डवर एक चपटा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. यंत्र बंद असताना तारीख-वेळ तोच सांभाळतो. काही वर्षांनी तो संपतो आणि यंत्र सुरू केलं की तारीख पार मागे, कधी २००९, कधी २०१२. संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं ठराविक मुदतीची असतात. यंत्राच्या लेखी आज २००९ असेल तर एकही प्रमाणपत्र वैध ठरत नाही, आणि प्रत्येक पानावर लाल इशारा येतो. काम तर अडलेलं असतं. मग कुणीतरी दाखवून देतं की खाली ‘ॲडव्हान्स्ड’वर दाबायचं आणि तरीही पुढे जायचं. महिनाभरात त्या कार्यालयातला प्रत्येक हात ते न वाचता दाबायला शिकतो. उद्या खरोखर कुणी मधे बसून खोटं पान दाखवलं तरी तोच इशारा येणार आणि तेच बटण दाबलं जाणार. सेल किरकोळ पैशांत मिळतो आणि पाच मिनिटांत बदलून होतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक जुन्या डेस्कटॉपचा सेल मी आधी तपासते, गिऱ्हाइकाने तक्रार केलेली असो वा नसो.

आमच्या धंद्यातल्या लोकांनाही मला बोलायचं आहे. विंडोज टाकून दिली की जाता जाता अपडेट बंद करून ठेवायचे, ही पद्धत गावोगाव आहे. कारणं मला माहीत आहेत. गिऱ्हाईक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट वापरतं, दिवसाचा डेटा अपडेटमध्येच संपतो, यंत्र मंद होतं आणि शिव्या आम्हाला बसतात. शिवाय विंडोज क्रॅक केलेली असेल तर अपडेटने ती उघडी पडेल ही भीती. तरीही हे थांबवलं पाहिजे. विंडोजच्या मोठ्या अपडेटची वेळ रात्रीची ठेवा, पण ब्राउझरच्या अपडेटला हात लावू नका. आणि गिऱ्हाइकाला एवढं नक्की शिकवा: ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, इथे क्लिक करा’ असं एखादं पान सांगत असेल तर ते पान बंद करायचं. खोट्या अपडेटच्या नावाने व्हायरस घुसवणं ही चोरांची नेहमीची चाल आहे. खरं अपडेट ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूतून येतं.

मग जुन्या यंत्राचं करायचं काय? सेव्हन किंवा एट सोडता येतच नसेल तर फायरफॉक्सची ईएसआर ११५ ही आवृत्ती आहे. मोझिलाने ती खास जुन्या विंडोज आणि जुन्या मॅकसाठी मागे ठेवली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्या दुरुस्त्या थांबणार होत्या, पण वापरणारे अजून पुष्कळ आहेत म्हणून मुदत एकापेक्षा जास्त वेळा वाढवली. मला याबद्दल मोझिलाविषयी खरा आदर वाटतो. जुनी यंत्रं सांभाळणं अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांना हे चोख उत्तर आहे. तरी हा कायमचा उपाय नव्हे. ब्राउझर दुरुस्त असला तरी त्याच्या खालची विंडोज उघडीच राहते.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना मायक्रोसॉफ्टने आणखी एक वर्षाच्या सुरक्षा दुरुस्त्या देऊ केल्या, आणि एज ब्राउझर तिच्यावर निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत नवा होत राहील असंही सांगितलं. ज्यांचं काम फक्त ब्राउझरमध्ये आहे, त्यांच्या यंत्रावर मी लिनक्स मिंट टाकते. चार जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर ती व्यवस्थित चालते, फुकट आहे, आणि तिच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. इनस्क्रिप्टने मराठीही टाइप होतं. अडचण येते ती टॅलीवाल्यांची आणि डीटीपीवाल्यांची. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे एक्सपीवर पेजमेकर आणि श्रीलिपी आहे, सगळा जुना माल त्यातच आहे. ते यंत्र जरूर ठेवा, पण त्याची नेटची केबल काढा आणि मेल दुसऱ्या यंत्रावर पाहा.

सगळा भार वापरणाऱ्यावर टाकणं मात्र मला मान्य नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्याआधीचे लॅपटॉप कंपन्या काढून टाकतात, ते पुण्या-मुंबईच्या बाजारातून रिफर्बिश्ड म्हणून आमच्याकडे येतात, आणि पोरांच्या शिक्षणासाठी आई-बाप ते घेतात. त्यांना रॅम सांगतात, डिस्क सांगतात. सुरक्षा दुरुस्त्या कधीपर्यंत मिळतील हे कुणीच सांगत नाही. क्रोमबुकची ही तारीख गुगल जाहीर करतं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी ती मुदत दहा वर्षांची केली. औषधाच्या पाकिटावर मुदत छापतात तशी ती प्रत्येक संगणकाच्या खोक्यावर आणि जुन्या मालाच्या पावतीवरही छापली गेली पाहिजे. शाळा आणि ग्रामपंचायतींसाठी सरकार यंत्रं घेतं, तेव्हा निविदेत ही तारीख मागायला कुणाचीच आडकाठी नाही.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं आजच करा. क्रोममध्ये वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर दाबा, ‘हेल्प’मध्ये जा, ‘अबाउट गुगल क्रोम’ उघडा आणि आकडा वाचा. तिथे १०९ दिसत असेल, तर त्या ब्राउझरमध्ये बँक, आधार किंवा मुलांचा प्रवेश अर्ज उघडू नका.