तान्ह्या पोळ्यात कुत्रा नको

आमच्या रोहण्याकडे तान्हा पोळा म्हणजे लाकडी नंदी घेतलेली सजलेली मुलं, डफड्यांचा आवाज आणि हातात खाऊ. या गर्दीत घरचा कुत्रा आणू नका, आणि आयोजकांनीही ते आधीच सांगावं, असं माझं स्पष्ट मत आहे. "डॉक्टरसाहेब, आमचा चावत नाही जी," हे मी नेहमी ऐकतो. घरी चावत नसेल. गोंगाटाने बिथरलेल्या कुत्र्याचा भरवसा नाही, आणि लहान मुलाचा चेहरा नेमका त्याच्या तोंडाजवळ असतो. चेहऱ्यावरच्या चाव्यातून रेबीजचा विषाणू मेंदूपर्यंत लवकर पोहोचू शकतो. लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण वाचणं जवळपास अशक्य.

अपवाद एकच: अंध व्यक्तीला वाट दाखवणारा प्रशिक्षित कुत्रा. आपल्याकडे क्वचितच दिसतो. दिसला तर अडवू नका, खाऊ देऊ नका, गोंजारू नका. तो कामावर असतो.

कुत्रा चावलाच, तर हळद, चुना, तिखट काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून घरी थांबू नका. त्याच्यावर मात्र १० दिवस लक्ष ठेवा.