हात गेला, चेक आला; पुढे काय?



मळणीयंत्रात कुणाचा हात गेला की गावात दोनच प्रश्न निघतात. जीव वाचला ना? आणि पैसे किती मिळणार? हा माणूस पुढच्या मृगाला तिफण कशी धरणार, हे कोणी विचारत नाही.

राज्याची गोपीनाथ मुंडे अपघात योजना २०२३ पासून सानुग्रह अनुदान म्हणून चालते. मृत्यू झाला तर दोन लाख, एक हात किंवा एक पाय गेला तर एक लाख. चेक दिला की सरकारची वही मिटली. कारखान्यातल्या विमाधारक कामगाराला मात्र राज्य विमा योजनेखाली कृत्रिम अवयव मिळतो, फिजिओथेरपी मिळते. त्याला ते मिळालेच पाहिजे. पण शेतात तुटलेला हात हा हात नव्हे काय? सरकारला पुनर्वसन म्हटले की फक्त धरणग्रस्त आठवतात, आणि त्यांचेही काय केले ते आपण पाहतोच.

पेरणीला वाफसा लागतो, तसा या उपचारालाही लागतो. गुडघ्याखाली पाय कापला की घरचे मायेने गुडघ्याखाली उशी देतात. तीच माया नडते. गुडघा वाकलेला आखडतो आणि कृत्रिम पाय नीट बसत नाही. गुडघा सरळ ठेवायचा, डॉक्टर सांगतील तेव्हा पट्टी बांधून उरलेल्या भागाला आकार आणायचा. अर्धांगवायूत लुळा हात धरून माणसाला ओढू नये, खांदा निखळतो. तब्येत स्थिरावली की पहिल्या काही दिवसांतच व्यायाम सुरू व्हावा. आपण मात्र महिनाभर खाटेवर ठेवतो आणि मग जीप करून मालिशवाल्याकडे नेतो.

१९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूरला रबरी पाय घडवला. बूट नको, उकिडवे बसता येते, चिखल तुडवता येतो. आपल्या रानाला शोभणारा पाय! पण शिबिरात फोटो काढून पाय वाटला आणि चालायला शिकवलेच नाही, तर तो माळ्यावरच पडणार.

म्हणून मागणी अशी : ग्रामीण रुग्णालयात ठरल्या वारी फिजिओथेरपिस्ट हवा, रुग्णाला आणि सोबत्याला एसटीचे भाडे हवे. आणि राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांनी (मीही त्याच शिक्षणातला) एका हाताने धरता येईल असे डवऱ्याचे रुमणे करून दाखवावे.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने यादी आणावी : कोणाचा हात-पाय गेला, कधी, पैसे किती मिळाले, व्यायाम किती दिवस मिळाला. शेवटच्या रकान्यात शून्य असेल तर शून्यच लिहा.