थंडीची लाट आणि बाळाचे अंथरूण

दर हिवाळ्यात विज्ञानविषयक बातम्यांत एक आकडा ठळकपणे झळकतो, तो म्हणजे किमान तापमान. मैदानी प्रदेशात ते १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गेले आणि सरासरीहून किमान ४.५ अंशांनी कमी असले, तर भारतीय हवामानशास्त्र विभाग थंडीची लाट मानतो. पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली उतरला, तर सरासरीशी तुलना करण्याचीही गरज उरत नाही. निकष शास्त्रशुद्ध आहे, त्याविषयी तक्रार नाही. मात्र हा आकडा जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवरील हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. त्या पेटीत कोणतेही मूल झोपत नाही. मूल झोपते ते फरशीवर, पत्र्याच्या छताखाली किंवा वीटभट्टीशेजारच्या झोपडीत. माझे म्हणणे एवढेच, की थंडीचा इशारा त्या अंथरुणापर्यंत पोहोचत नसेल, तर तो अपुरा आहे.

प्रथम लहान शरीराचे गणित पाहू. उष्णता निर्माण होते ती शरीराच्या वस्तुमानात आणि निसटते ती पृष्ठभागातून. तीन किलोच्या नवजात बाळाची त्वचा सुमारे ०.२ चौरस मीटर भरते, साठ किलोच्या प्रौढाची सुमारे १.६५. दर किलोमागे बाळाचा पृष्ठभाग जवळजवळ अडीचपट ठरतो. त्यातच नवजात बाळ आपल्यासारखे कुडकुडून ऊब निर्माण करू शकत नाही. खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि मानेभोवती असलेली तपकिरी चरबी जाळून ते तग धरते. तो साठा मर्यादित असतो. म्हणूनच ‘आम्हाला तर एवढी थंडी वाजत नाही’ हे मोठ्यांचे माप लहानांना लावता येत नाही.

दुसरी गोष्ट, ऊब कापडात नसते. कापडाने अडवून धरलेल्या स्थिर हवेत असते. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या वीसपटीहून अधिक आहे. आपल्या आजींनी जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी हे या नियमाचे सुरेख उपयोजन होय. पण अंगाखाली दबलेल्या थरातील हवा निघून जाते आणि थंड फरशी उष्णता शोषत राहते. म्हणून पांघरूण एकाने वाढवण्याआधी अंथरूण एकाने वाढवावे. खाली चटई, पोती किंवा कोरडा पेंढा, त्यावर गोधडी आणि बिछाना बाहेरच्या भिंतीपासून दूर, एवढ्यानेही मोठा फरक पडतो. ओले लंगोट तत्काळ बदलावे, कारण पाण्याचे बाष्पीभवन त्वचेतूनच उष्णता ओढून घेते.

याचा अर्थ तान्ह्या बाळावर रजयांचा ढीग रचावा असा नव्हे. एक वर्षाखालील बाळाला उताणे झोपवावे, तोंडावर येऊ शकेल असे सैल पांघरूण टाळावे आणि अंगात बेताचे, नीट बसणारे थर घालावेत. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नये. छाती किंवा मानेची मागील बाजू हाताने पाहावी. ती घामेजलेली असेल, तर एक थर कमी करावा. अति ऊबही घातक असते.

आता सर्वांत कठोर मुद्दा. डिसेंबर-जानेवारीत दिल्ली, हरियाणा, पंजाब, उत्तर प्रदेश येथून ठरावीक बातमी येते : बंद खोलीत रात्रभर पेटती अंगीठी ठेवली आणि सकाळी कुटुंबातील माणसे, बऱ्याचदा मुलेही, मृतावस्थेत आढळली. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. कोळशाचा धूर दिसेनासा झाला, की धोका टळला असे वाटते; प्रत्यक्षात तेव्हाच तो फसवा होतो. मुलांचा श्वसनवेग अधिक असल्याने त्यांच्या रक्तात हा वायू लवकर साचतो. या मृत्यूंना ‘निष्काळजीपणा’ म्हणणे सोपे आहे. पण ज्या घरात दुसरी गोधडीच नाही, तिथे अंगीठी हा निर्णय नसतो, उरलेला एकमेव उपाय असतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे सांगणाऱ्या समाजाने ज्याला अंथरूणच नाही त्याच्याविषयीही बोलले पाहिजे.

उपाय महागडेच असतात असेही नाही. १ ते १.८ किलो वजनाच्या नवजात बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवण्याचा अभ्यास भारतासह पाच देशांत झाला. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात सहभागी होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. त्यामागे केवळ ऊब नव्हती, स्तनपान आणि संसर्गापासून संरक्षण हेही होते. परंतु त्या बाळांत अंग गार पडण्याचे प्रमाणही कमी आढळले. त्याच वर्षी लडाखमध्ये सोनम वांगचुक यांनी सैनिकांसाठी सौर ऊर्जेने उबदार राहणारा तंबू दाखवला. बाहेर रात्रीचे किमान तापमान उणे १४ अंश असताना, आत रात्री दहा वाजता १५ अंश होते. सीमेवरील जवानासाठी वापरलेले भौतिकशास्त्र अंगणवाडीसाठी, रैनबसेऱ्यासाठी आणि आपल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्यांसाठी का वापरू नये?

अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, तेव्हा पाऱ्याच्या आकड्याचे रूपांतर पाणी, सावली आणि कामाच्या वेळा यांत झाले. थंडीच्या इशाऱ्यालाही तसेच मूर्त रूप हवे. पारा उतरण्याचा अंदाज आपल्याला काही दिवस आधी मिळतो. त्या दिवसांत लहान मुले असलेल्या उघड्या वस्त्यांत कोरडी चटई आणि घोंगडी पोहोचावी, आशाताईंनी नवजात बाळांच्या घरी फेरी मारावी आणि ‘बंद खोलीत अंगीठी नको’ हे वाक्य प्रत्येक इशाऱ्यात स्थानिक भाषेत असावे. अंदाज अचूक असणे ही विज्ञानाची अर्धी जबाबदारी. त्या रात्री मूल उबेत आणि शुद्ध हवेत झोपले की नाही, हे विचारणे ही उरलेली अर्धी.