अ‍ॅसिड मारणारे नको, दगड ओळखणारे व्हा!

नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांत शहाबादी फरशी, नंतरच्या इमारतींत कोटा नाहीतर मार्बल. तिन्ही चुनखडीच्या कुळातले दगड. अ‍ॅसिड पडलं की फेस येतो. तो मळ निघत नसतो, दगड झिजत असतो! मग पॉलिशचा खर्च तुमच्याच माथी.

तेलाच्या डागाला बेकिंग सोड्याचा ओला लेप लावा, 24 तास झाकून ठेवा. जुन्या सीलरचा थर साबणाने हलत नाही; सीलर कुठला ते बघून स्ट्रिपर निवडा.

माझं स्पष्ट मत: चौरस फुटाचा भाव सांगण्याआधी कोपऱ्यात फूटभर चाचणी करा आणि तिचे पैसे घ्या. 'स्वस्तात अ‍ॅसिड मारून द्या' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणा. पेठेत एक फरशी बिघडली, की बातमी गल्लीभर होते.