संस्कृतीचा आदर की अन्यायाची पाठराखण?

कौटुंबिक समुपदेशन ही आता केवळ मोठ्या शहरांतील इस्पितळांची गोष्ट राहिलेली नाही. कौटुंबिक न्यायालयांत आणि आमच्या धर्मग्रामांतही समुपदेशकाची खोली उघडली आहे, हे स्वागतार्ह आहे. परंतु त्या खोलीत एक शब्दप्रयोग फार सैलपणे वापरला जातो : 'सांस्कृतिक संवेदनशीलता'. शब्द चांगला आहे. त्याच्या आडून जे चालते, त्याला आमची हरकत आहे.

प्रथम त्या शब्दाची बाजू पाहू. कुटुंबोपचाराच्या अनेक प्रमुख पद्धती विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत आकारास आल्या. मरे बोवेन यांनी कुटुंबात राहूनही स्वतःचे वेगळेपण राखणे हे मानसिक परिपक्वतेचे लक्षण मानले. हे माप डोळे मिटून आपल्या घरांना लावले, तर आईला विचारून निर्णय घेणारा मुलगा रोगी ठरेल आणि दिराच्या मुलांचे डबे भरणारी काकू दुबळी ठरेल. ते चूक होय. रुग्णाच्या घरच्यांना उपचारात सामील करून घ्यावे, हे तर अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकातच करून दाखवले. तेथे नातेवाईक रुग्णांसोबत आवारातील तंबूंत राहत. कुटुंबाचे बळ ओळखणारी ही संवेदनशीलता आम्हांला हवीच आहे.

व्यवहारात मात्र काय घडते? मार खाऊन आलेल्या सुनेला सांगण्यात येते, "आपल्याकडे असेच असते. पुरुषाचा स्वभाव तापट; तूच जरा नमते घे." आम्ही विचारतो, ही संस्कृती कोणाची? ती काय फक्त घरच्या कर्त्या पुरुषाच्या तोंडून बोलते? जात्यावर ओव्या गाणाऱ्या बायांनी सासुरवासाचे दुःख पिढ्यानपिढ्या सांगून ठेवले. तीही आपलीच संस्कृती. समुपदेशकाने दोन्ही आवाज ऐकले पाहिजेत.

ही चूक केवळ आपल्याकडचीच आहे असेही नव्हे. पाश्चात्त्य कुटुंबोपचाराने घरातील प्रत्येक तंट्यात सर्वांचा सारखाच वाटा असतो, असे दीर्घकाळ गृहीत धरले. १९७८ साली रेचल हेअर-मस्टिन यांनी आणि १९८५ साली व्हर्जिनिया गोल्डनर यांनी या शास्त्राला खडा सवाल केला : घरातील सत्ता सारखी नसताना जबाबदारी सारखी कशी? हा सवाल अमेरिकन आहे म्हणून तो बाजूस सारणे सोयीचे असेल, प्रामाणिकपणाचे नव्हे. कारण भारतीय कायद्यानेही तोच धागा धरला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणासाठी २००५ साली कायदा झाला. त्याखालील २००६ च्या नियमांनुसार समुपदेशनात हिंसेचे समर्थन करण्यास प्रतिवादीस मुभा नाही आणि हे त्याला आरंभीच सांगावे लागते. हिंसा पुन्हा होणार नाही अशी हमी मिळवणे हा त्या समुपदेशनाचा हेतू आहे. 'जेवण वेळेवर नव्हते' हे कारण तेथे चालत नाही. मग ते आमच्या खोल्यांतून का चालावे?

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, "फादर, अशाने घरे मोडतील." घर मोडते ते मारहाणीने, तिची वाच्यता केल्याने नव्हे. विवाहबंधन अभेद्य मानणारी ख्रिस्तसभाही, जोडीदारामुळे शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असल्यास विभक्त राहण्यास न्याय्य कारण मिळते, असे १९८३ च्या धर्मसंहितेच्या ११५३ व्या कलमात सांगते. पत्नीने पतीच्या अधीन असावे हे संत पौलाचे वचन अनेकांना मुखोद्गत असते. त्याच्या आधीच्याच ओवीत त्याने सर्वांनाच एकमेकांच्या अधीन होण्यास सांगितले आहे, याचा मात्र सोयीस्कर विसर पडतो.

तर संवेदनशीलता म्हणजे काय? सासूबाईंना त्यांच्या मानाने बसवावे, सासऱ्यांशी अदबीने बोलावे. परंतु सुनेशी एकदा तरी एकांतात बोलल्याशिवाय मत बनवू नये. पगार कोणाच्या हाती जातो, पहाटे प्रथम कोण उठते, माहेरी जाण्यास कोणाची परवानगी लागते, हे विचारावे. आणि पुरुषालाही विचारावे. आई व बायको यांच्यामध्ये घुसमटणारा, नोकरी गेल्याचे घरी सांगू न शकणारा, 'पुरुषाने रडू नये' हेच ऐकत वाढलेला नवराही या ठरीव भूमिकांचा बळी असतो. त्याच्या दुःखाला वाट करून द्यावी. त्याच्या हाताला मात्र मोकळीक देऊ नये.

वाचकहो, आपल्या मुलीला समुपदेशकाकडे नेताना तिने कोणते उत्तर घेऊन परत यावे, हे आपण आधीच ठरवून नेतो काय? तसे असेल, तर त्या खोलीत तिच्यासाठी ठेवलेली खुर्ची रिकामीच आहे असे समजावे.